घन उत्प्रेरकाने बायोमासपासून फरफ्युराल: कोणती पायरी आधी आणि प्रयोग कुठे फसतो

वाळवून दळलेला बगॅस (उसाची चिपाडं), थोडा झिओलाइट (बारीक छिद्रांचा घन उत्प्रेरक), पाणी. झाकण बंद, १७० अंश सेल्सिअस, तीन तास. दुसऱ्या दिवशी आकडे हातात येतात आणि फरफ्युराल (झायलोज या साखरेतून पाणी निघून होणारं रसायन) बऱ्यापैकी मिळालेलं असतं. मग कुणीतरी विचारतं, ‘उत्प्रेरक न घालता करून बघितलंस का?’ करून बघितलं की आकडा थोडाच कमी येतो, आणि तीन महिन्यांच्या कामाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो.

या फसगतीचं कारण साधं आहे. बायोमास घन आणि उत्प्रेरकही घन, त्यामुळे दोघांची नीट गाठच पडत नाही. झिओलाइटची छिद्रं साधारण ०.५५ ते ०.७५ नॅनोमीटरची असतात. पेंढ्याचा कण तिथे शिरणार नाही, झायलानची (झायलोजचे दुवे जोडून झालेल्या हेमिसेल्युलोजची) लांब साखळीही शिरणार नाही. भांड्यात खरं काम आधी गरम पाणी करतं. हेमिसेल्युलोजला चिकटलेले ॲसिटिल गट सुटतात, त्यांचं ॲसेटिक आम्ल होतं आणि तेच साखळ्या तोडतं. जे विरघळतं तेवढंच उत्प्रेरकापर्यंत पोचतं. म्हणून या लेखात काम दोन भागांत केलं आहे: आधी बायोमासमधून साखरेचा द्रव काढायचा, मग तो उत्प्रेरकासमोर ठेवायचा. उदाहरण फरफ्युरालचं घेतलं आहे. ग्लुकोजपासून एचएमएफ (हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युराल) किंवा लेव्ह्युलिनिक आम्ल करायचं असेल तरी क्रम हाच, फक्त तापमान आणि उत्प्रेरक बदलतात.

टप्पा १: कच्चा माल तयार करणं

१. माल ४०–४५ अंशांवर वाळवा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका दळा. प्रयोगाचा माल १०५ अंशांवर वाळवू नका. तंतू आक्रसतात आणि पुन्हा पाणी नीट पीत नाहीत.

२. ओलावा वेगळ्या नमुन्यावर काढा. एक ग्रॅम माल १०५ अंशांवर ठेवा, वजन स्थिर होईपर्यंत. पुढचे सगळे हिशोब कोरड्या वजनावर करायचे आहेत. हवेत उघड्या ठेवलेल्या भुशाचा ओलावा ऋतूप्रमाणे बदलतो, त्यामुळे एकदा काढलेला आकडा वर्षभर चालवता येत नाही.

३. घटक मोजा. आधी पाणी आणि इथेनॉलने अर्क काढून टाका. मग रूढ पद्धत अशी: ०.३ ग्रॅम नमुना, ७२ टक्के सल्फ्युरिक आम्ल ३ मिली, ३० अंशांवर एक तास. नंतर ८४ मिली पाणी घालून आम्ल ४ टक्क्यांवर आणायचं आणि १२१ अंशांवर एक तास ठेवायचं. सोबत माहीत असलेल्या साखरेची एक बाटली त्याच आम्लातून न्या. त्या तासाभरात थोडी साखर नष्ट होते, ती किती हे याच बाटलीवरून कळतं.

४. राख मोजा. ही पायरी सर्रास गाळली जाते आणि बहुतेक प्रयोग इथेच बुडतात.

राखेचं महत्त्व आकड्यांत बघा. पेंढ्यात १ टक्का पोटॅशियम असेल तर १ ग्रॅम पेंढ्यात १० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.२६ मिलिमोल पोटॅशियम आलं. त्यात तुम्ही ०.१ ग्रॅम बीटा झिओलाइट घातला, सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर १२.५ असलेला. त्याच्याकडे आम्ल-जागा आहेत जेमतेम ०.१२ मिलिमोल. पोटॅशियम त्या जागांवर जाऊन बसतं आणि तिथला प्रोटॉन पाण्यात सुटतो. उत्प्रेरक निकामी झाला, द्रव मात्र आंबट झाला, आणि अभिक्रिया चालूच राहिली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, उत्प्रेरक छान चाललाय!

बरंचसं पोटॅशियम आणि क्लोराइड साध्या पाण्याने धुऊन निघतं. धुतल्यावर माल पुन्हा वाळवा, तोला आणि घटक पुन्हा मोजा. धुण्यात विरघळून गेलेलं वजन वहीत लिहा.

*तपासणी:* सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन, ॲसिटिल, अर्क आणि राख यांची बेरीज ९५ ते १०० टक्क्यांच्या आसपास यायला हवी. ८५ आली तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: उत्प्रेरक निवडणं

वायूंच्या अभिक्रियांत नावाजलेला उत्प्रेरक गरम पाण्यात टिकेलच असं नाही. आम्लाची ताकद नंतर बघा. पहिला प्रश्न हा की १७० अंशांच्या पाण्यात हा पदार्थ काही तास तग धरेल का.

ॲम्बरलिस्ट-१५ हे रेझिन (सल्फोनिक आम्ल-गट बसवलेलं घन पॉलिमर) १२० अंशांच्या वर वापरायचं नसतं. तरीही १६०–१७० अंशांवर ते घातलेले प्रयोग दर वर्षी दिसतात. त्यात रेझिनचे सल्फोनिक गट सुटून पाण्यात येतात आणि उरतं ते साधं विरल सल्फ्युरिक आम्ल. रेझिनच हवं असेल तर ॲम्बरलिस्ट-७० घ्या, त्याची मर्यादा १९० अंशांची आहे. सल्फेटेड झिर्कोनियाचं सल्फेट पाण्यात धुऊन जातं. गॅमा-ॲल्युमिना गरम पाण्यात हळूहळू बोहमाइट या दुसऱ्या पदार्थात बदलतो आणि त्याचं पृष्ठफळ कोसळतं. झिओलाइट-वाय १५०–२०० अंशांच्या पाण्यात ढासळतो, झेडएसएम-५ हा झिओलाइट त्या मानाने बराच टिकतो, पण त्याची छिद्रं अरुंद. बीटा या दोघांच्या मधला. नायोबिक आम्ल (नायोबियमचं घन ऑक्साइड) पाण्यात काम करतं हा त्याचा मोठा गुण.

मला विचाराल तर पहिल्या प्रयोगासाठी बीटा किंवा नायोबिक आम्ल घ्या. स्वतः बनवलेल्या सल्फोनेटेड कार्बनने सुरुवात करू नका. तो बनवायला सोपा आहे, पण त्याचे कमकुवत गट पहिल्या दोन-तीन वापरांत सुटतात, आणि नवख्याला ती गळती उत्प्रेरकाचं यश वाटते.

ग्लुकोजपासून सुरुवात असेल तर एक गोष्ट वेगळी. ग्लुकोजचं आधी फ्रुक्टोज व्हावं लागतं आणि त्यासाठी लुईस आम्ल (इलेक्ट्रॉनची जोडी घेणारं) लागतं, उदाहरणार्थ कथिल बसवलेला बीटा. रेणूतून पाणी काढून टाकायचं पुढचं काम ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणाऱ्या) आम्लाचं. नुसतं सल्फोनिक रेझिन ग्लुकोजसमोर ठेवून एचएमएफची वाट बघण्यात अर्थ नाही.

टप्पा ३: उत्प्रेरक तयार करणं आणि त्याचं आम्ल मोजणं

१. झिओलाइट पुष्कळदा अमोनियम रूपात येतो. बाटलीवरचं लेबल वाचा. तो पातळ थरात पसरून मफल फर्नेसमध्ये मिनिटाला २ अंश या गतीने ५५० अंशांपर्यंत न्या आणि ४–५ तास ठेवा. अमोनिया निघून जातो, आम्ल-रूप उरतं. घाईने तापवलं तर अडकलेल्या पाण्याची वाफ सांगाड्यातलं ॲल्युमिनियम बाहेर काढते.

२. डेसिकेटरमध्ये थंड करा आणि लगेच तोला. झिओलाइट हवेतलं पाणी पटकन ओढून घेतो.

३. रेझिन ओल्या रूपात आलं असेल तर त्याचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असू शकतं. निथळ रंगहीन होईपर्यंत पाणी बदलत धुवा, मग वाळवा. रेझिन आणि सल्फोनेटेड कार्बन मफल फर्नेसमध्ये कधीही टाकायचे नाहीत.

४. आम्ल मोजा. रेझिन आणि सल्फोनेटेड कार्बनसाठी टायट्रेशन पुरतं: ०.२ ग्रॅम उत्प्रेरक सोडियम क्लोराइडच्या २ मोलर द्रावणात रात्रभर ढवळा, गाळा, गाळलेला द्रव सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. झिओलाइट आणि ऑक्साइडसाठी अमोनिया-टीपीडी (अमोनिया शोषवून, तापवत नेताना तो किती सुटतो ते मोजणं) करा, पण त्यातून ब्रॉन्स्टेड कोणतं आणि लुईस कोणतं हे कळत नाही. त्यासाठी पिरिडिन शोषून घेऊन इन्फ्रारेड घ्यावं लागतं. सल्फोनिक पदार्थावर टीपीडी करू नका, तापवताना गटच तुटतात आणि यंत्र खोटा पीक दाखवतं.

*इशारा:* दोन उत्प्रेरकांची तुलना सारख्या वजनावर करू नका. ॲम्बरलिस्ट-१५ मध्ये ग्रॅमला सुमारे ४.७ मिलिमोल आम्ल, वरच्या बीटामध्ये १.२. आम्ल-जागा सारख्या येतील अशी वजनं घ्या.

टप्पा ४: बायोमासमधून साखरेचा द्रव काढणं

५ ग्रॅम कोरडा माल, ५० मिली पाणी, उत्प्रेरक नाही. १७०–१८० अंशांवर ३० ते ६० मिनिटं. थंड करून गाळा. वर राहतात सेल्युलोज आणि बरंचसं लिग्निन, खाली येतो तपकिरी द्रव. त्याचा पीएच साधारण ३.५ ते ४ असतो.

या द्रवातलं बरंचसं झायलोज सुटं नसतं, छोट्या साखळ्यांत असतं. एचपीएलसीला (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) त्या झायलोज म्हणून दिसत नाहीत. म्हणून द्रवाचा थोडा भाग ४ टक्के सल्फ्युरिक आम्लात १२१ अंशांवर तासभर ठेवून पुन्हा मोजा. पुढच्या हिशोबाला हाच आकडा लागतो. ही पायरी सोडली की टप्पा ६ मध्ये ‘झायलोज वाढलं’ असा चमत्कार दिसतो आणि रूपांतर (किती साखर खर्च झाली तो आकडा) उणे येतं.

पोटॅशियम, कॅल्शियम उरलं असेल तर द्रव एका स्वस्त आम्ल-रेझिनच्या थरातून जाऊ द्या. धातू तिथे अडकतील. पण द्रव आता जास्त आंबट झालेला असणार, कारण पोटॅशियम क्लोराइडच्या जागी हायड्रोक्लोरिक आम्ल आलं. पीएच पुन्हा मोजा. पुढचे सगळे ब्लँक (तुलनेसाठीचे प्रयोग) याच द्रवावर करायचे, रेझिनमधून जाण्याआधीच्या द्रवावर नाही.

टप्पा ५: ब्लँक आधी

मुख्य प्रयोगाच्या आधी हे चार उरका. ब्लँक शेवटी करायचे म्हणून ठेवले की ते होतच नाहीत.

पहिला: द्रव, उत्प्रेरकाशिवाय, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ. दुसरा: शुद्ध झायलोजचं पाणी, उत्प्रेरकाशिवाय. तिसरा: शुद्ध झायलोज आणि उत्प्रेरक. बायोमासच्या द्रवात उत्प्रेरक मंदावला तर तो मुळातच कमकुवत होता की द्रवातल्या घाणीने मंदावला, हे या तिसऱ्यावरून कळतं. चौथा: फरफ्युरालचं माहीत तीव्रतेचं पाणी आणि उत्प्रेरक, साध्या तापमानाला, अर्धा तास. कार्बन आणि जास्त सिलिकाचे झिओलाइट पाण्यातलं फरफ्युराल शोषून धरतात. ते उत्प्रेरकाला चिकटलेलं असतं आणि आपण समजतो की अभिक्रियेत वाया गेलं.

टप्पा ६: मुख्य प्रयोग

१. भांडं दोन-तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका. १८० अंशांपर्यंत जाताना पाणी सुमारे १२ टक्के फुगतं, सेंद्रिय द्रावक त्याहून जास्त. वाफेचा दाब १७० अंशांवर ८ बारच्या जवळ, १८० वर १० आणि २०० वर साडेपंधरा बार असतो. दाबमापक याहून बराच वर गेला तर कुठेतरी वायू तयार होतोय किंवा भांडं जास्त भरलंय.

२. थर्मोकपल द्रवात बुडलेला हवा. बाहेरच्या भिंतीचं तापमान म्हणजे अभिक्रियेचं तापमान नव्हे. या अभिक्रियेचा वेग १० अंशांत जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे कंट्रोलर दहा अंश पुढे जाऊन मागे आला तरी निकाल बिघडतो. आधी नुसत्या पाण्यावर कंट्रोलर बसवून घ्या.

३. १७० अंशांपर्यंत पोचायला अर्धा तास लागत असेल तर त्या अर्ध्या तासातही अभिक्रिया होते. तापमान गाठल्याबरोबर एक नमुना घ्या आणि त्याला ‘शून्य मिनिट’ म्हणा. नमुना-नळीत अडकलेला आधीचा द्रव सोडून द्या.

४. ढवळण्याची गती तपासा. ४००, ६०० आणि ८०० आरपीएमवर सुरुवातीचा वेग सारखा आला म्हणजे द्रवातून कणापर्यंत पोचण्याची अडचण नाही. छिद्रांतली अडचण वेगळी. ती बघायला उत्प्रेरकाचे दोन आकारांचे कण घ्या. बारीक कणांनी वेग वाढला तर तुम्ही मोजत होता तो रेणू छिद्रांत शिरण्याचा वेग होता.

५. वेळ संपली की भांडं बर्फाच्या पाण्यात. २० अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण किंवा झडप उघडू नका. फरफ्युराल १६२ अंशांवर उकळतं, पण पाण्याबरोबर ९८ अंशांच्या आतच वाफ होऊन निघतं. गरम भांड्याची झडप सोडली तर तुमचं उत्पादन फ्यूमहूडमधून निघून गेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब असतात, तेही धुऊन घ्या.

*इशारा:* फरफ्युराल कातडीतून शरीरात शिरतं. नायट्राइलचे पातळ हातमोजे त्याच्यापुढे फार वेळ टिकत नाहीत. ब्युटाइल रबराचे वापरा.

पाण्यात राहिलेलं फरफ्युराल साखरेशी आणि स्वतःशी जुळून काळी ह्युमिन (न विरघळणारा गाळ) तयार करतं. ते टाळायला वर टोल्युईन, एमआयबीके किंवा २-मिथाइल टीएचएफ अशा सेंद्रिय द्रावकाचा थर देतात. फरफ्युराल वरच्या थरात जातं आणि वाचतं. इथे एक सापळा आहे, त्यात मी स्वतः पडलो आहे. फरफ्युराल वर ढकलायला पाण्यात मीठ घालायची पद्धत सर्रास आहे. मीही रेझिनबरोबर ते केलं, उत्पादन भरघोस आलं आणि आठवडाभर खुशीत होतो. मग रेझिन गाळून खालच्या पाण्याचा पीएच पाहिला तर १.९! मिठातल्या सोडियमने रेझिनचे प्रोटॉन बाहेर काढले होते आणि काम चक्क हायड्रोक्लोरिक आम्लाने केलं होतं. मीठ आणि घन आम्ल एकत्र आले की निकालावर विश्वास ठेवू नका.

टप्पा ७: मोजणं

साखरेसाठीचा नेहमीचा एचपीएलसी कॉलम, म्हणजे आम्ल-रूपातला ॲमिनेक्स एचपीएक्स-८७एच, ५ मिलिमोलर सल्फ्युरिक आम्ल, मिनिटाला ०.६ मिली. यावर झायलोज दहाव्या मिनिटाच्या आगेमागे येतं आणि फरफ्युराल थेट चाळिशी ओलांडून. रन तीस मिनिटांवर थांबवला तर फरफ्युरालचा पीक पुढच्या नमुन्यात भुतासारखा उगवतो. एक तास चालवा.

याच कॉलमवर झायलोज, मॅनोज आणि गॅलॅक्टोज एकमेकांवर चढतात, फ्रुक्टोजही त्यांच्या अगदी शेजारी. त्यांना वेगळं बघायचं तर शिसे-रूपातला कॉलम लागतो, पण त्यावर आम्ल असलेला नमुना तसाच घालायचा नाही, आधी उदासीन करायचा.

फरफ्युराल यूव्हीमध्ये २७७ आणि एचएमएफ २८४ नॅनोमीटरला शोषतं. दोन्ही असतील तर नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरने ती वेगळी होत नाहीत, आणि विरघळलेलं लिग्निनही तिथेच शोषतं. शिवाय कॅलिब्रेशनचं फरफ्युराल बाटलीत तपकिरी झालं असेल तर आधी ऊर्ध्वपातन करून घ्या. काळपट बाटलीतून बनवलेलं स्टँडर्ड कमी पीक देतं आणि तुमचं उत्पादन फुगतं.

टप्पा ८: हिशोब

समजा १ ग्रॅम कोरड्या मालात ३० टक्के झायलान आहे. ३०० मिलिग्रॅमला १३२ ने (झायलानच्या एका दुव्याच्या रेणुभाराने) भागा, म्हणजे २.२७ मिलिमोल. प्रत्येकाचं फरफ्युराल झालं तर २.२७ गुणिले ९६ (फरफ्युरालचा रेणुभार), जास्तीत जास्त २१८ मिलिग्रॅम. तुम्हाला ८० मिलिग्रॅम मिळालं. मोलर उत्पादन ३७ टक्के, मालाच्या वजनावर ८ टक्के. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कोणतं लिहिताय ते सांगा. चूक होते ती ८० ला ३०० ने भागून २७ टक्के लिहिण्यात. झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून जातात हे त्यात विसरलेलं असतं.

आणखी एक घोळ म्हणजे निवडकता, म्हणजे खर्च झालेल्या साखरेपैकी किती साखरेचं फरफ्युराल झालं. द्रवातलं झायलोज कमी झालं म्हणून ‘रूपांतर ९० टक्के’ आणि मिळालेलं फरफ्युराल ४५ टक्के. मग उरलेलं निम्मं कुठे गेलं? कार्बनचा ताळा मांडा: उरलेली साखर, साखळ्या, फरफ्युराल, फॉर्मिक आम्ल, उत्प्रेरकावर चिकटलेलं आणि काळा गाळ. गाळ वाळवून तोला, त्यातला कार्बन मोजून घ्या. ताळा ९० टक्क्यांच्या खाली असेल तर निवडकतेवर एक वाक्यही लिहू नका.

टप्पा ९: उत्प्रेरक खरंच घन राहिला का?

ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) १७० अंशांवर गरम गाळणं अवघड. त्याऐवजी उत्प्रेरक आणि बायोमासचा द्रव नेहमीच्या तापमानाला अर्धा वेळ चालवा, झटक्यात थंड करा, गाळा आणि तोच द्रव उत्प्रेरकाशिवाय उरलेला वेळ चालवा. पहिल्या ब्लँकपेक्षा जास्त फरफ्युराल वाढलं तर आम्ल पाण्यात उतरलंय. नुसत्या पाण्यावर ही चाचणी करून समाधान मानू नका, प्रोटॉन बाहेर काढणारे क्षार द्रवात असतात.

सगळ्यात स्वस्त तपासणी पीएचची आहे. ५० मिलीमध्ये पीएच २ म्हणजे ०.५ मिलिमोल प्रोटॉन. तुम्ही घातलेल्या ०.१ ग्रॅम रेझिनमध्ये होतेच ०.४७.

पुनर्वापर दाखवताना रूपांतर ३०–४० टक्क्यांवर ठेवा. तीन तासांत १०० टक्के होणारी अभिक्रिया पाच वेळा १०० टक्के दाखवली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. उत्प्रेरक निम्मा मेला तरी तेवढ्या वेळात काम उरकतं. दर फेरीला थोडा उत्प्रेरक गाळताना हरवतो, तो तोलून त्या प्रमाणात द्रव कमी घ्या. नवा उत्प्रेरक वरून टाकू नका.

काळा पडलेला झिओलाइट आधी पाण्याने, मग ॲसिटोनने धुवा. पूर्ण वाळू द्या, ॲसिटोनचा वास असताना फर्नेसमध्ये ठेवू नका. हवेत ५५० अंशांपर्यंत त्याच सावकाश गतीने न्या. तरीही वेग परत आला नाही तर तो बहुधा कोळशाने मेलेला नाही. अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात ढवळून, धुऊन, पुन्हा भाजून बघा. वेग आला तर दोष पोटॅशियमचा होता, आणि टप्पा १ मधली धुलाई अपुरी पडली. तरीही आला नाही तर एक्स-रे डिफ्रॅक्शन घ्या, सांगाडाच ढासळला असेल. रेझिन विरल सल्फ्युरिक आम्लाने पुन्हा भरता येतं, पण भरल्यावर त्याचं टायट्रेशन पुन्हा करा आणि तो आकडा पहिल्या आकड्याशेजारी लिहा.